आई-वडिलांसाठी शिवलेली वही
(मुलांसमवेत करावयाचा एक पाठ)

आपल्यापैकी अनेकांना शाळेतील कार्यानुभवाचा तास आठवत असेल. त्या तासाला खडू, मेणबत्त्या, कागदी पाकिटे, पुठ्ठ्याच्या फायली असे काही ना काही करून घेत. खरे म्हणजे बहुतेक वेळा तो तास गणिताचे किंवा इंग्रजीचे गुरुजी मागून घेत. पण ज्या दिवशी तो व्हायचा त्या दिवशी अभ्यासात मागे असलेला एखादा मुलगाही पाकीट असे नेटके चिकटवायचा की सारा वर्ग पाहत राही. हाताने काहीतरी पुरे करून दाखविण्याची ती संधी आता मुलांना फारशी मिळत नाही. चित्रकलेच्या वस्तूसुद्धा तयार संच म्हणून विकत मिळतात आणि मुलाने केवळ चिकटविण्याचे काम करावयाचे असते.

प्रस्तुत लेखात एकच वस्तू घेतली आहे. घरातील जुन्या शालेय वह्यांच्या कोऱ्या पानांतून आई, वडील किंवा आजी-आजोबांसाठी खिशात मावेल अशी छोटी वही शिवणे, एवढेच काम. सुई, दोरा, दोन जोडपाने आणि एक जाड कागद लागतो. आठ ते बारा वर्षांची मुले दीड तासात ती पुरी करू शकतात. सभासद पालकांनी ती घरी करून पाहावी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील लहान मुलांना एकत्र बसवून शिकवावी, या हेतूने सविस्तर लिहीत आहे.

भेटवस्तू म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे आता मे महिन्यातला दुसरा रविवार येतो. त्या दिवशी पाळला जाणारा मातृदिन हा अमेरिकेतून आलेला आहे. अ‍ॅना जार्विस या बाईंनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ १९०८ साली पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील ग्राफ्टन या गावी पहिला कार्यक्रम घडवून आणला आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभर पाळण्याची घोषणा केली. पुढचा भाग मात्र मुलांना कोणी सांगत नाही. थोड्याच वर्षांत फुलवाले, मिठाईवाले आणि छापील शुभेच्छापत्रे विकणारे यांनी तो दिवस ताब्यात घेतला, आणि ज्या बाईंनी तो सुरू केला त्याच त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मुलाने आईला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात, दुसऱ्याने छापलेला मजकूर पाठवू नये, असे त्यांचे मत होते. १९४८ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांनी हा विरोध सोडला नव्हता. मुलांना ही हकीकत सांगितली की ती लक्ष देऊन ऐकतात. दहा वर्षांच्या मुलाला दुकानदारी म्हणजे काय हे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच अधिक कळते.

मग शुभेच्छापत्रच हाताने का करू नये? जरूर करावे. पण शुभेच्छापत्र एकदा पाहिले की ते कपाटात किंवा टी.व्ही.च्या मागे जाते. वही रोज हातात येते, मळते, तिच्यावर हळदीचे बोट उमटते. आपण केलेली वस्तू आई वापरते आहे हे महिनाभर पाहणे, हा मुलाला मिळणारा खरा मोबदला आहे, आणि तो शाबासकीच्या दोन शब्दांपेक्षा मोठा आहे असे मला वाटते.

कागद कोठून आणावा

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की घरोघरी अर्ध्या कोऱ्या वह्या पडून असतात. जूनपूर्वी त्यांची कोरी पाने काढून कच्च्या कामाची वही शिवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. माझ्या पिढीतील बहुतेकांच्या आयांनी ती गोधडीच्या दोऱ्याने शिवून दिलेली असेल. आपल्याला तेच करावयाचे आहे, फक्त शिवणारे हात बदलावयाचे आहेत. मधोमध टाचलेली वही मध्यावर उघडून पिना सरळ कराव्यात, म्हणजे जोडपाने अलगद निघतात. ओढून फाडू नयेत.

कार्यालयातील एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्याबद्दल, बँकेत काम करणारा माणूस म्हणून, स्पष्ट सांगतो की ज्या कागदावर कोणाचे नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा सही आहे तो कागद कार्यालयाबाहेर येताच कामा नये. झेरॉक्सच्या दुकानातील बिघडलेल्या प्रतींचेही तसेच. मुलांच्या हातात असे कागद देऊन आपण त्यांना कागदाची काटकसर शिकवीत नाही, दुसऱ्याच्या माहितीबद्दलची बेफिकिरी शिकवितो.

कव्हरसाठी लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. शर्टाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा किंवा मागील वर्षीच्या दिनदर्शिकेचे जाड पानही चालते.

कागदाला लांबी-रुंदीशिवाय एक दिशा असते, हे मुलांना आधीच दाखवावे. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर पट्टी बरीचशी सरळ निघते. आडवे फाडले की फाटत फाटत वाकडे जाते. गिरणीत कागद तयार होताना लगदा पुढे सरकणाऱ्या जाळीवर पडतो आणि त्यातील बहुतेक तंतू त्या सरकण्याच्या दिशेने लोळतात. म्हणून त्या दिशेने कागद सहज फाटतो आणि सहज दुमडतो. जाड कागदाची दिशा फाडून पाहण्याची गरज नाही. तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने विरोध कमी, त्या बाजूने घडी घालावी. उलट्या बाजूने घातलेली घडी तडकते व काही दिवसांत तेथेच कव्हर फाटते.

हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, कारण तेथे साचा हाताने हलविल्यामुळे तंतू चहूकडे पसरतात. महाराष्ट्रात हा हातकागद जुना आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावच या धंद्यावरून पडले. जुन्नरलाही कागद होत असे. पुण्यात १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने हातकागद संस्था उभी राहिली. तेथे कापडाच्या चिंध्यांपासून कागद करीत. आपल्या अंगावरचा जुना सुती सदरा कागद होऊ शकतो हे ऐकून मुले खरेच थक्क होतात. पाठ एकदा झाला की एखाद्या सुट्टीत हातकागद करताना दाखविण्याची व्यवस्था करावी.

घडी, माप आणि शिवण

आता प्रत्यक्ष काम. वहीचे पान २४ सेंटिमीटर उंच व १८ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. निराळे असले तरी रीत तीच. दोन जोडपाने घ्यावीत. प्रत्येक जोडपान त्याच्या मूळ घडीवर फाडले की चार सुटी पाने होतात. प्रत्येक पानाचा वरचा काठ खालच्या काठाला टेकवून घडी घालावी, घडीवरून चमच्याची पाठ फिरवावी आणि फूटपट्टी धरून त्या घडीवर कागद फाडावा. म्हणजे १२ सेंटिमीटर उंच व १८ सेंटिमीटर रुंद असे आठ तुकडे मिळतात. हे आठही तुकडे उभ्या घडीने मधोमध दुमडून एकात एक बसविले की ९ सेंटिमीटर रुंदीची, सोळा पानांची वही तयार होते. छापील रेघाही आडव्याच राहतात. समासाची तांबडी रेघ कोठेतरी मध्येच येते, तिचे वाईट वाटून घेऊ नये. रकमा लिहिण्यास ती उपयोगीच पडते.

येथे मोजपट्टी हातात देण्याची घाई करू नये. काठाला काठ जुळवून अर्धे करता येते, अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव, ही गोष्ट मुलांनी बोटांनी अनुभवली पाहिजे. टी. सुंदर राव या भारतीय गणितज्ञाने कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे ते परदेशांतही वाचले गेले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून आदिवासी मुलांचे शिक्षण उभे केले. अरविंद गुप्ता यांची रद्दीतून खेळणी करण्याची पुस्तके तर मराठीतही आहेत. या सर्वांनी मुलाच्या हातात महाग वस्तू न देता मोठे काम केले आहे.

आठ तुकडे एकात एक घातल्यावर कोणीतरी चौकस मूल विचारतेच, "सगळे सारख्या मापाचे होते, मग आतले बाहेर का आले?" बाहेरचा तुकडा आतल्या सातांना वेढून जातो, त्या वेढ्यात त्याची थोडी रुंदी खर्च होते, आणि आतले तितके पुढे डोकावतात. याचे उत्तर आपण लगेच देऊ नये. दोन तुकड्यांवर आणि मग आठांवर पाहावयास सांगावे. याच कारणासाठी कव्हर पानांपेक्षा दोन्ही बाजूंनी सुमारे अर्धा सेंटिमीटर मोठे कापावे.

शिवणीसाठी वहीच्या घडीवर वरून २, ६ आणि १० सेंटिमीटरवर पेन्सिलीने तीन खुणा कराव्यात. वही व कव्हर एकत्र उघडे धरून, खाली चौघडी केलेले पोते किंवा जुना टॉवेल ठेवून, आतून बाहेर अशी भोके पाडावीत. कंपासपेटीतील कर्कटकाचे टोक पुरते. आठ वर्षांखालील मुलांसाठी हे काम मोठ्यांनी करावे, आणि भोके पडेपर्यंत मुलांचे हात कागदाखाली नाहीत हे पाहावे.

दोरा गोधडीचा असावा. शिलाई यंत्राचा बारीक दोरा कागद कापतो. त्याची लांबी वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्यावी. तो मेणबत्तीच्या तुकड्यावर दोनदा ओढला की गुंतत नाही. सुई वहीच्या आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी व दोऱ्याचे चार बोटे टोक आत सोडावे. बाहेरून वरच्या भोकात शिरून आत यावे. आता आतून मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडावे. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात शिरावे, मात्र तेथे असलेल्या दोऱ्यात सुई घुसू देऊ नये. दोन्ही टोके आता आत, मधल्या भोकापाशी आली. आतल्या लांब टाक्याच्या एका अंगाला एक व दुसऱ्या अंगाला दुसरे टोक राहील असे पाहून, दोरा घडीच्या दिशेने ताणून, त्या टाक्यावरच दुहेरी गाठ मारावी. दोरा वर उचलून ओढला तर भोक फाटते. ही एकच गोष्ट मुलांना दोनदा सांगावी लागते.

कव्हरवर चित्र हवे असल्यास रंगीत कागद हातानेच फाडून चिकटवावा. पाच-सहा वर्षांच्या भावंडांना हे काम द्यावे, म्हणजे ती दोऱ्यात लुडबूड करीत नाहीत. चिकटविण्यास घरची खळ पुरेशी आहे. मोठा चमचाभर मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवून मंद आचेवर हलवीत राहावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. दोन दिवसांत ती आंबते म्हणून थोडीच करावी. पुस्तक बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. मोरचूद विषारी आहे; मुलांच्या कामात ते मुळीच घालू नये. खळ पातळ लावावी. ओला कागद फुगतो व वाळताना आकसून कव्हराला वाकवितो, म्हणून वहीत व वहीवर कोरा कागद ठेवून ती रात्रभर तांदळाच्या डब्याखाली दाबावी.

आत काय लिहावे

सोळा पाने म्हणजे बत्तीस पृष्ठे. पहिल्यावर नाव, आणि उरलेली एकतीस, म्हणजे महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक पृष्ठ. मुलाने वरच्या कोपऱ्यात १ ते ३१ आकडे घालावेत. वार लिहू नयेत, म्हणजे कोणत्याही महिन्यात वही सुरू करता येते.

पुढचे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून आहे आणि येथेच मुलाला विचार करावा लागतो. चार घरांची कामे करणाऱ्या आईसाठी प्रत्येक पृष्ठावर चार चौकोन आखावेत. काम झाले की बरोबरची खूण, खाडा झाला की फुली. महिनाअखेर पगाराच्या वेळी "तुझे पाच खाडे झाले" असे कोणी म्हणाले तर आईच्या कनवटीला लेखी हिशेब असतो. रिक्षा चालविणाऱ्या वडिलांसाठी गॅस, दुरुस्ती आणि हाती उरलेली रक्कम अशा तीन ओळी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजीसाठी सकाळचा सूर्य व रात्रीची चंद्रकोर काढावी. गोळी घेतली की त्यावर रेघ. तिला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. आपल्या आईचा दिवस कसा जातो हे मुलाला माहीत नसेल तर त्याने आधी तिला विचारून यावे. हे विचारणे हाच या पाठातील सर्वांत अवघड भाग आहे, असा माझा अनुभव आहे. मुले सुई सहज चालवितात, पण "आई, तू किती वाजता उठतेस?" हे त्यांनी कधी विचारलेले नसते.

पहिल्या पृष्ठावर नुसते 'आई' लिहू नये, तिचे पूर्ण नाव लिहावे. कित्येक मुलांना ते नीट लिहिता येत नाही, कारण आजवर कोणी विचारलेच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव घेण्याचा नियम राज्य शासनाने केला आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या आपल्या मुलांनी निदान या वहीत तरी ते लिहावे. मी हे आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला रोज दिसते की सुशिक्षित मुलाची आई शाईच्या पॅडवर अंगठा टेकविते आणि मुलगा बाजूला घाईने उभा असतो. ज्या खात्यावर अंगठा आहे त्या खात्यातून पैसे काढावयास त्या बाईला स्वतः यावे लागते, रकमेचा आकडा दुसऱ्याने वाचून सांगावा लागतो, आणि सांगणारा कोण आहे यावर बरेच काही ठरते.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एका सुट्टीत हा पाठ घेतला होता. सहावीतील एका मुलीने आपल्या आईचे नाव पहिल्या पृष्ठावर ठिपक्यांनी लिहिले आणि पुढच्या प्रत्येक पृष्ठाच्या तळाशीही तेच ठिपके काढले. कोणी सुचविले नव्हते. रात्री भांडी झाली की आई एका पृष्ठावरचे ठिपके जोडी. ती वही मी नंतर पाहिली. पहिल्या आठ-दहा पृष्ठांवरील अक्षरे रेघेखाली घसरलेली, मधल्या काही पृष्ठांवर काहीच नाही (त्या दिवसांत घरात आजारपण होते), आणि पंचविसाव्या पृष्ठानंतर ठिपके एकीकडे व नाव दुसरीकडे, म्हणजे ठिपक्यांशिवायच लिहिलेले. अंगठ्याऐवजी सही सुरू करावयाची असेल तर खातेदाराने स्वतः शाखेत येऊन अर्ज करावा व ओळखपत्र दाखवून नमुना सही द्यावी. मात्र जी सही रोज तशीच येते तीच द्यावी. घाईत शिकलेली सही पुढच्या खेपेला जुळत नाही आणि बाईंना पुन्हा परत जावे लागते. महिनाभराचा सराव त्यासाठी जास्त नाही.

हा पाठ घेणाऱ्यांना एक सूचना. "सगळ्यांनी बाबांसाठी करा" असे कधीही म्हणू नये. बसलेल्या वीस मुलांत कोणाचे वडील वारलेले असतात, कोणाचे घर सोडून गेलेले असतात, कोणाची आई दुसऱ्या गावी ऊसतोडीला असते. "घरात ज्यांच्यासाठी करावीशी वाटते त्यांच्यासाठी करा" एवढेच सांगावे आणि कोणासाठी हे सर्वांसमक्ष विचारू नये. वडिलांचे नाव लिहून वही आपल्याच दप्तरात ठेवणारे मूल असेल तर ठेवू द्यावी. एखाद्याने मावशीसाठी केली, थोरल्या बहिणीसाठी केली, तरी तिचे मोल तेच. तयार झालेल्या वह्यांचे प्रदर्शन, क्रमांक, बक्षिसे हे सारे टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. ही वही एका माणसासाठी केलेली असते; तिच्यात घरचा हिशेब असतो, आणि तो शंभर जणांनी पाहण्याचा नव्हे.

वही भरली म्हणजे कव्हर टाकून देऊ नये. आतील गाठ कात्रीने कापून दोरा ओढून घ्यावा, लिहिलेली पाने पुन्हा दोऱ्याने बांधून आईच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावीत, आणि त्याच कव्हरात नवे आठ तुकडे घालून जुन्या तीन भोकांतूनच शिवावे. कव्हराची भोके खूण म्हणून वापरली की मापण्याची गरज राहत नाही. लग्नपत्रिकेचा चांगला कागद असेल तर तो अशा चार-पाच वह्यांना पुरतो. दुसऱ्या महिन्याच्या वहीस मुलाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.